आठ तासांची रेघ

"ही पायरी म्हणजे मळ आहे," डॉ. वेरेश म्हणाल्या आणि पेन्सिलीच्या टोकानं त्यांनी आमच्या आलेखावरच्या छोट्याशा सपाट जागेवर टकटक केलं. "माफ कर शैलजा, पण मला याला दुसरं नाव सुचत नाही."

टेबलावर दोन आलेख शेजारी शेजारी होते. एक त्यांचा, एक आमचा. त्यांची रेघ तळापासून निघून कुठेही न थांबता वर चढत गेली होती. आमची अर्ध्यावर जराशी थबकली होती, बोटाच्या पेराएवढी आडवी चालली होती आणि मग पुन्हा चढायला लागली होती. त्या पेराएवढ्या जागेसाठी मी साडेतीन वर्षं घातली होती.

"मॅडम, तुम्ही एका रनला चाळीस मिनिटं घेता, आम्ही आठ तास. फरक तिथे आहे."

"आठ तास पाणी उघडं ठेवलंस तर आठ तासांची धूळही त्यात पडणार. तू माझंच म्हणणं सिद्ध करते आहेस."

कोपऱ्यात सिंकपाशी प्रयोगशाळेचे मदतनीस इमरे बाची काचेची भांडी विसळत होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण बोलण्याचा सूर कळत असावा. त्यांनी नळ बारीक केला.

२००३ सालचा मार्च होता. हंगेरीतलं सेगेद नावाचं नदीकाठचं शहर. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, कोल्हापूरहून संशोधक-देवाणघेवाणीच्या योजनेत सहा आठवड्यांसाठी गेलेली. त्यातले पाच संपले होते. शुक्रवारी दोन्ही प्रयोगशाळांचा संयुक्त अहवाल पुरा करायचा होता. त्यात पायरी नसेल, तर तीन वर्षांपूर्वी माझे मार्गदर्शक इंगवले सर यांनी याच पायरीवर लिहिलेला शोधनिबंध मागे घ्यावा लागणार होता. सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. निबंध मागे घेतल्याचं पत्र त्यांनी टाइप करून खणात ठेवलं होतं, हे मला निघताना त्यांनीच सांगितलं होतं.

काम तसं सांगायला सोपं आहे. टेफ्लॉनच्या उथळ ट्रेमध्ये काठोकाठ पाणी भरायचं. त्यावर पॉलिमरच्या द्रावणाचे काही थेंब सोडायचे. ते पसरतात आणि पाण्यावर एक साय धरतात, एकाच रेणूच्या जाडीची, डोळ्यांना न दिसणारी. मग एका बाजूनं एक पट्टी सरकवत त्या सायीला दाबत जायचं आणि ती किती विरोध करते ते मोजायचं. पॉलिमरचे रेणू म्हणजे लांबच लांब दोरे. त्यांना भराभर ढकललं तर ते नुसते एकमेकांवर रेलतात. सवड दिली तर मात्र दोऱ्यांचे काही वेढे हळूच पाण्यात उतरतात, वर जागा होते आणि दाब क्षणभर वाढायचा थांबतो. हीच आमची पायरी. निदान आमचा तसा दावा होता.

सवड देण्यामागे आमचं काही शहाणपण नव्हतं. आमच्या यंत्राची मोटर जळली होती आणि नवी मिळेना, म्हणून सरांनी शिरोलीच्या एका लेथवाल्याकडून गिअर करून घेतला. पट्टी इतकी सावकाश सरकायला लागली की सकाळी आठला चालू केलेला रन चार वाजता संपायचा. त्या संथपणात पायरी सापडली.

पण पाण्याच्या पृष्ठभागावरच्या कामात मळ हा मोठा शत्रू असतो. बोटाच्या ठशाएवढं तेल आख्खा ट्रे बिघडवतं. डॉ. वेरेशना या विषयात तीस वर्षं झाली होती. त्या काही वाईट बाई नव्हत्या. मी शाकाहारी म्हणून पहिल्याच रविवारी त्यांनी मला घरी बोलावून खसखशीचे नूडल्स करून घातले होते. पण कामात त्या कोणाची भीड ठेवत नसत.

"मला दोन दिवस द्या," मी म्हणाले.

"पाच आठवडे काय केलंस?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. मी म्हटलं, "उद्या दोन्ही ट्रे द्या. मी पॉलिमर घालणारच नाही. नुसतं पाणी. तुमच्या वेगानं नाही, आमच्या वेगानं, आठ तास. धूळ पडत असेल तर रेघ वर चढेल. चढली तर शुक्रवारी मी स्वतः लिहून देईन, पायरी म्हणजे मळ."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "एका ट्रेनं भागेल. दोन कशाला?"

"एकात तुमचं पाणी, दुसऱ्यात आमचं."

"तुमचं? म्हणजे कुठलं?"

"कोल्हापूरचं. मी बरोबर आणलंय."

डॉ. वेरेश माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी इमरे बाचींना हंगेरियनमध्ये काहीतरी सांगितलं. इमरे बाची हात पुसत पुढे आले आणि पहिल्यांदाच मला नीट न्याहाळू लागले.

प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात पाच आठवडे दोन चंबू पडून होते. काचेचे, घासून बसवलेल्या काचेच्याच बुचांचे, दीड-दीड लिटरचे. बुचांना ग्रीसचा थेंब नव्हता, कारण ग्रीस म्हणजे तेल. जुन्या वाकळेच्या तुकड्यात गुंडाळून मी ते मांडीवर धरून विमानातून आणले होते. बुडापेस्टच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं होतं, "यात काय आहे?" मी म्हटलं, "पाणी." त्यानं विचारलं, "कसलं पाणी?" मी म्हटलं, "नुसतं पाणी." त्यानं वरिष्ठाला बोलावलं, वरिष्ठानं चंबू उजेडात धरला, दोघं हसले आणि मला सोडून दिलं.

हे पाणी हौसाक्कांनी दिलं होतं. हौसाबाई कुरणे, आमच्या विभागाच्या लॅब अटेंडंट. नवरा नोकरीत असतानाच वारला आणि त्याच्या जागी त्या लागल्या. शाळा चौथीपर्यंत. बावीस वर्षं विभागाचं पाणी त्याच काढत होत्या. एकदा ऊर्ध्वपातन, मग जांभळी पूड घालून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. पूड म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, ते नाव त्या कधी घेत नसत. मला निरोप द्यायला म्हणून त्या आल्या नव्हत्या. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी दोन्ही चंबू माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि म्हणाल्या, "ह्ये न्हे. तिकडच्यांस्नी बघू दे." आणखी काही बोलल्या नाहीत.

मंगळवारी सकाळी साडेसातला मी पोचले तर इमरे बाची आधीच हजर. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. बाची म्हणजे काका, सगळे त्यांना तसंच म्हणत. त्यांनी दोन्ही ट्रे उकळत्या पाण्यानं धुऊन उपडे घातले होते. मी पहिल्या चंबूचं बूच काढलं. त्यांनी हातानं मला थांबवलं, एका स्वच्छ कुपीत आमचं पाणी अर्ध्यापर्यंत घेतलं, बूच लावलं आणि कुपी जोरजोरात हलवून डोळ्यांसमोर धरली.

पाण्यात बुडबुडे उठले आणि उठले तसे फुटून गेले. एकही मागे राहिला नाही.

ही खूण मला ठाऊक होती. हौसाक्का नेमकं हेच करायच्या. पाण्यात जरासा जरी मळ असला तरी बुडबुडे रेंगाळतात. "एक म्हनायच्या आत फुटलं पायजेत," असं त्या म्हणायच्या. कुठल्याही पुस्तकातून त्यांनी हे घेतलं नव्हतं.

इमरे बाचींनी कुपी पुन्हा हलवली, पुन्हा बघितली. मग माझ्याकडे वळून एकच शब्द म्हणाले, "तिस्ता."

एवढं हंगेरियन मला येत होतं. तिस्ता म्हणजे स्वच्छ.

"अजून सांगू नका," मी मराठीतच म्हणाले. ते हसले, जणू कळलंच त्यांना.

ट्रे भरायचं काम मी त्यांच्यावरच सोपवलं. उद्या कोणी म्हणायला नको की शैलजानं काही केलं. कुठल्या ट्रेमध्ये कुठलं पाणी हे त्यांनी मलाही सांगितलं नाही. एका चिठ्ठीवर लिहून ती खिशात ठेवली आणि खिशावर दोनदा थोपटलं. आठला दहा मिनिटं असताना दोन्ही पट्ट्या सरकायला लागल्या.

नुसत्या पाण्याच्या रेघेकडे आठ तास बघत बसणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पडद्यावर दोन रेघा, एक निळी, एक तांबडी, शून्यावर निघालेल्या. दहा वाजता शून्यावर. अकराला कोणीतरी दार आपटलं, दोन्ही रेघा थरथरल्या आणि परत शून्यावर आल्या. इमरे बाचींनी बाहेर जाऊन दारावर कागद चिकटवला. दुपारी ते कागदात गुंडाळलेला चीजचा पाव घेऊन आले आणि अर्धा माझ्या हातात दिला. खिडकीबाहेर नदी फुगून चालली होती. मी पाव हातात धरून पडद्याकडे बघत होते. एकच्या सुमारास तांबडी रेघ किंचित वर गेली. मी पाव बाजूला ठेवला. पाच मिनिटं ती वर राहिली आणि मग खाली आली. त्या ट्रेजवळचा हीटर चालू झाला होता, एवढंच.

चारला पाच कमी असताना डॉ. वेरेश आल्या. कोट न काढताच पडद्यासमोर बसल्या. त्यांनी पडद्यावरचं मोजमाप दहापट वाढवलं, मग शंभरपट. दोन्ही रेघा एकमेकींवर पडलेल्या, जमिनीला टेकून चाललेल्या, सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत.

"सेगेदचं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही."

"ओळख."

"नाही ओळखता येत."

त्यांनी स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "निळी आमची. ती जास्त शांत आहे."

इमरे बाचींनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. निळी कोल्हापूरची होती.

डॉ. वेरेशनी चिठ्ठी उलटी करून बघितली, जणू मागे आणखी काही लिहिलं असेल. मग कोट काढून खुंटीला अडकवला आणि म्हणाल्या, "उद्या पॉलिमर. माझं पाणी, माझा ट्रे, थेंब मी सोडणार. तू हात लावायचा नाहीस."

"चालेल," मी म्हणाले. "फक्त वेग आमचा."

बुधवारी त्यांनी बाह्या वर करून स्वतः सगळं केलं. सुईनं एकेक थेंब असा सोडला की पाण्याला कळलंसुद्धा नसेल. सव्वाआठला पट्टी निघाली. रेघ चढायला लागली, सावकाश, आमच्याकडे चढायची तशीच. कोल्हापुरात पायरी पाचव्या तासाला यायची. म्हणजे सव्वाएकला.

सव्वाएकला रेघ चढतच होती.

दीड वाजला. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले. पावणेदोन. डॉ. वेरेश माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शैलजा, विज्ञानात चूक होणं हा गुन्हा नाही."

"माहीत आहे," मी म्हणाले. 

तेवढ्यात मला आठवलं. मी झटकन वळले. "मॅडम, ट्रेमधल्या पाण्याचं तापमान किती आहे?"

"वीस."

"आमचं अठ्ठावीस असतं. इथे दोरे थंड आहेत, त्यांना वाकायला वेळ लागणार. थोडं थांबा."

"किती थांबू?"

"ते मला सांगता येणार नाही. पण थांबा."

दोन वाजून बारा मिनिटांनी रेघ थबकली. प्रथम वाटलं, हा भास असेल. मग ती आडवी चालायला लागली. एक मिनिट, तीन मिनिटं, सात. इमरे बाची सिंकपाशी होते, ते ओल्या हातांनी येऊन माझ्यामागे उभे राहिले.  अकरा मिनिटं रेघ सपाट चालली आणि मग पुन्हा चढायला लागली. बोटाच्या पेराएवढी पायरी, सेगेदच्या पाण्यावर, सेगेदच्या ट्रेमध्ये, डॉ. वेरेशच्या हातची.

डॉ. वेरेश उठल्या. मला वाटलं, त्या काहीतरी शंका काढणार. त्यांनी दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. इमरे बाचींनी टेबलावर थाप मारून आरोळी ठोकली. शेजारच्या खोलीतली दोन पोरं काय झालं म्हणून धावत आली.

"तीस वर्षं," डॉ. वेरेश म्हणाल्या, "तीस वर्षं मी याच्या डोक्यावरून घाईनं पळत गेले."

नंतर कॉफी पिताना त्यांनी विचारलं, "एक सांग. पाणी इथेही होतं. नुसता आमच्या पाण्यावर रन घेतला असतास तरी तुझं काम झालं असतं. तू तीन लिटर पाणी मांडीवर धरून अर्ध्या जगातून का आणलंस? आणि आणलंस तर पाच आठवडे कपाटात का ठेवलंस?"

मग मी सांगितलं. तोवर कोणाला सांगितलं नव्हतं.

डिसेंबरमध्ये डॉ. वेरेशचं पत्र आलं होतं, पायरी बहुधा मळ आहे असं. ते वाचून मी घाबरले आणि सरळ पाण्याच्या खोलीत गेले. हौसाक्का चंबू धूत होत्या. विभागातले चारजण तिथे होते. मी ओरडले, "अक्का, सगळी घाण तुमच्या हातच्या पाण्यात आहे!"

मला तेल म्हणायचं होतं, धूळ म्हणायची होती. पण मी जयसिंगपूरच्या मगदुमांची मुलगी, आणि त्या कुरण्यांच्या सून. तोपर्यंत शब्द तोंडातून गेले होते. हौसाक्कांनी चंबू खाली ठेवला. आवाज न चढवता म्हणाल्या, "माज्या आज्याला पाणवठ्यावर ह्येच म्हनत हुते, बाई. मला वाटलं, हितं तरी कोन म्हननार न्हाई."

त्यानंतर दोन महिने त्या मला 'शैला' म्हणाल्या नाहीत. बाई म्हणायच्या. मी माफी मागायला तीनदा त्यांच्या दाराशी गेले आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलून परत आले. आणि मग त्यांनी ते चंबू आणून दिले.

"आणि ते कपाटात राहिले," मी डॉ. वेरेशना म्हणाले, "कारण मला भीती वाटत होती. रेघ चढली असती तर? मीसुद्धा त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता."

डॉ. वेरेशनी कॉफीचा कप खाली ठेवला. मग त्यांनी सगळं इमरे बाचींना हंगेरियनमध्ये सांगितलं. ते ऐकताना इमरे बाचींनी मान खाली घातली. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवलं.

गुरुवारी सकाळी अकराला फोन लावला. कोल्हापुरात दुपारचे साडेतीन. सरांनी उचलला. "सर, पायरी आली. त्यांच्या पाण्यावर, त्यांच्या हातून," मी म्हणाले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.  मग सर म्हणाले, "थांब, जरा खुर्चीत बसतो." आणि थोड्या वेळानं, "ते पत्र फाडतोय बघ. ऐक." कागद फाटल्याचा आवाज मला चक्क ऐकू आला.

"सर, अक्कांना बोलवा."

हौसाक्का फोनवर आल्या. लांबच्या फोनवर ओरडावं लागतं असं त्यांना वाटायचं. "बोला बाई!"

"अक्का, तुमच्या पाण्याची रेघ आठ तास सरळ चालली. जराही वर गेली नाही. इथल्या मॅडमना त्यांचं कुठलं आणि तुमचं कुठलं ते ओळखता आलं नाही. तुमचं जास्त शांत निघालं."

"मग? कसलं निघनार हुतं?"

"अक्का, मी चुकले. त्या दिवशी मी जे बोलले ते…" आणि मला रडू फुटलं. इमरे बाची पाठ करून उभे होते, उगाच कोरडी भांडी पुसत.

पलीकडून अक्कांचा आवाज आला, आता हळू. "तिकडं थंडी हाय न्हवं? रडू नगंस. सर्दी हुईल. शैला, आईकलंस का?"

निबंध ऑगस्टमध्ये स्वीकारला गेला. पाच नावं होती. इंगवले, वेरेश, मगदूम, कुरणे आणि इमरे बाचींचं. 'पाणी करणाऱ्यांची नावं लेखकांत कशाला?' असं संपादकांनी विचारलं होतं. डॉ. वेरेशनी दोन ओळींचं उत्तर पाठवलं: 'या निबंधातला सगळा वाद पाण्याबद्दल होता. ज्यांनी तो मिटवला त्यांची नावं दिली आहेत.' छापील प्रत आली तेव्हा हौसाक्कांनी आपल्या नावावर बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर मोजलं आणि प्रत पदराखाली धरून घरी नेली.

सप्टेंबरमध्ये देवाणघेवाणीची परतफेड म्हणून डॉ. वेरेश कोल्हापूरला आल्या. विभागाच्या दारात रांगोळी, विभागप्रमुख गुच्छ घेऊन उभे, निवृत्त झालेले इंगवले सर कोल्हापुरी फेटा घेऊन आलेले. डॉ. वेरेशनी गुच्छ घेतला, फेटा बांधून घेतला आणि मला विचारलं, "पाण्याची खोली कुठे?"

मी दाखवली. सगळे मागोमाग. आत हौसाक्का स्टुलावर बसून थेंब पडताना बघत होत्या. निळी साडी, कपाळावर बारीक गोंदण. पाहुण्या बाई आल्या म्हणून त्या उठल्या नाहीत, कारण थेंबाकडे लक्ष होतं. डॉ. वेरेश म्हणाल्या, "यांना सांग, मी चार दिवस इथे आहे. मला हे पाणी काढायला शिकायचंय." आणि बोलता बोलता त्यांनी समोरचा रिकामा चंबू उचलायला हात पुढे केला.

"ए शैला," हौसाक्का एकदम म्हणाल्या, "त्या बाईला म्हनावं, आदी हात धू."

दारात उभ्या असलेल्या विभागप्रमुखांचा चेहरा पडला. मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

डॉ. वेरेशनी फेटा काढून सरांच्या हातात दिला. बोटातली अंगठी काढली, घड्याळ काढलं. सिंकपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा साबण लावला, पुन्हा धुतले. मग ओले हात पुढे धरून हौसाक्कांसमोर उभ्या राहिल्या. अक्कांनी ते पालथे करून बघितले, उताणे करून बघितले, नखं बघितली.

"आता बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चंबू डॉ. वेरेशच्या हातात दिला.